शंभरी ओलांडलेले आमचे चर्च पाडायचे, की आधी पाण्याचा बंदोबस्त करायचा?

जुनी घंटा (धागाकर्ता), मे महिन्याचा दुसरा आठवडा

नमस्कार. नागपूरच्या जुन्या भागातील आमचे चर्च पाडून त्या जागी नवे सभागृह बांधावे, असा ठराव पुढील महिन्यात आमच्या मंडळीपुढे येणार आहे. येथे बांधकामातील, कायद्यातील आणि जुन्या वास्तूंची आस्था असलेले बरेच सभासद आहेत, म्हणून हा धागा काढत आहे. वाद माझ्याच घरातल्या माणसांशी आहे, त्यामुळे चर्चचे नाव मुद्दाम लिहिलेले नाही.

इमारत शंभराहून अधिक वर्षांची आहे. काळ्या दगडाचे जोते, त्यावर चुन्यात बांधलेल्या विटांच्या जाड भिंती, सागवानी कैच्यांवर (छप्पर तोलणाऱ्या त्रिकोणी लाकडी सांगाड्यांवर) उतरते छप्पर आणि पूर्वेला वेदीमागे टोकदार कमानीची रंगीत काचांची खिडकी, असे तिचे साधे रूप आहे. मूळची कौले काढून माझ्या लहानपणीच टिना घातल्या गेल्या. साधारण पस्तीस वर्षांपूर्वी भिंतींच्या बहुतेक भागाला आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा झाला आणि चार वर्षांपूर्वी भोवतालचे अंगण पेव्हर ब्लॉकने भरून घेतले. दोन्ही कामे मंडळीने पोटाला चिमटा घेऊन केली होती, हे मुद्दाम सांगतो. कोणाच्या हेतूबद्दल मला शंका नाही.

गेल्या आठवड्यात एका अभियंत्याचा अहवाल आला. खिडक्यांच्या कोपऱ्यांतून निघालेले तिरपे तडे, दोन कैच्यांची कुजलेली टोके आणि ठिकठिकाणी सुटलेला गिलावा यांची नोंद करून त्यात शेवटी ‘इमारत वापरास अयोग्य, पाडणे इष्ट’ असे एका ओळीत लिहिले आहे.

रविवारी उपासना संपल्यावर मी उत्तरेच्या भिंतीवर बोटाच्या पेराने ठोकत गेलो. खिडकीच्या वर आवाज भरीव येतो. खाली, कमरेच्या उंचीपर्यंत, रिकाम्या डब्यासारखा. एका ठिकाणी कड नखाने उचलली तर तळहाताएवढी सिमेंटची खपली हातात आली. तिच्या पाठीवर मिठासारखा पांढरा थर होता, आणि मागची वीट अंगठ्याने चोळली तर लाल भुकटी होऊन गळू लागली. वर, जेथे सिमेंट कधीच लागले नव्हते, तेथील वीट मात्र नखाला दाद देत नाही. एकाच भिंतीत, एकाच भट्टीची म्हणावी अशी वीट चार फुटांच्या अंतरात इतकी वेगळी कशी वागते, हे मला कोणी समजावून सांगेल का? ही इमारत वयाने थकलेली नसून आपण केलेल्या दुरुस्त्यांनी आजारी पडली आहे, असे मला वाटू लागले आहे. चुकत असेन तर स्पष्ट सांगावे. माझे आजोबा याच चर्चची घंटा वाजवीत असत, त्यामुळे माझी नजर तटस्थ नाही, हे मला ठाऊक आहे.

काटकोन

पाहणी कोणत्या महिन्यात झाली? हा प्रश्न आधी विचारतो, कारण नागपुरात तो विचारल्याशिवाय तड्यांविषयी काहीही बोलू नये. शहराच्या बऱ्याच भागात पायाखाली काळी कपाशीची माती आहे. ती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे गेला की आक्रसते. जुन्या, उथळ पायाच्या भिंती तिच्याबरोबर वर्षातून एकदा उचलल्या जातात आणि एकदा खाली बसतात. मे महिन्यात ज्या तड्यात पाच रुपयांचे नाणे उभे राहते, त्याच तड्यात ऑगस्टमध्ये पोस्टकार्ड शिरत नाही. चुन्याचे बांधकाम ही हालचाल बऱ्याच अंशी सोसते, सिमेंटचा ताठर गिलावा सोसत नाही. म्हणून गिलाव्यात दिसणारा प्रत्येक तडा भिंतीच्या गाभ्यात असतोच असे नाही.

तडा जिवंत आहे की जुना, हे पाहण्याची रीत अगदी स्वस्त आहे. तड्यावरचा गिलावा खरवडून विटा उघड्या कराव्यात, तड्यावर आडवी पातळ काचपट्टी दोन्ही टोकांना प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवावी आणि तिच्याशेजारी तारीख लिहावी. भिंत हलली तर काच तडकते. तड्याची रुंदी दर पंधरा दिवसांनी मोजून वहीत लिहीत जावी. एक उन्हाळा, एक पावसाळा आणि एक हिवाळा पाहिल्याशिवाय पाया खचतो आहे असे ठामपणे म्हणता येत नाही. केवळ एका भेटीवरून पाडण्याचा सल्ला देणे हे आमच्या व्यवसायातील सोयीचे उत्तर आहे: पाडा म्हटल्यावर पुढे काही झाले तर जबाबदारी येत नाही, राहू द्या म्हटल्यावर येते.

आता आपल्या पेव्हर ब्लॉकविषयी. अंगणाची पातळी त्यामुळे किती वाढली? पूर्वीची उघडी माती भिंतीच्या पायथ्याची ओल हवेत सोडत असे. आता ती वाट बंद झाल्यामुळे ओल भिंतीत चढते, आणि सिमेंट तिला बाहेर पडू देत नाही. फरशीचा उतार भिंतीकडे असेल तर विचारायलाच नको.

जुनी घंटा

पाहणी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात झाली. आजच पाण्याची बादली ओतून पाहिली. उत्तरेकडील अर्धे पाणी भिंतीकडे जाते. जोत्याचा पूर्वी दिसणारा दगडाचा एक थर आता ब्लॉकखाली गेला आहे.

मंडळीचा सेवक

हा धागा कोणत्या चर्चविषयी आहे, ते मला लगेच कळले, कारण मी त्याच समितीवर आहे. धागाकर्ते माझे मोठे भाऊ लागतात आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे, पण दुसरी बाजूही येथे यावी.

गेल्या पावसाळ्यात वेदीच्या डाव्या बाजूला आम्ही दोन बादल्या ठेवून प्रभुभोजनाचा विधी केला. पुढच्या बाकड्यांवर ऐंशी वर्षांच्या आजी बसतात, मागे संडे स्कूलची मुले बसतात. उद्या कैचीचे टोक निसटले तर त्या मुलांच्या आईवडिलांना वारशाचे महत्त्व कोण समजावून सांगणार? आमची मंडळी लहान आहे. निवृत्त शिक्षक, परिचारिका, रेल्वेतील लोक असे आमचे सभासद आहेत. दर रविवारच्या दानातून पाळकांचे मानधन, वीजबिल आणि अडल्या-नडल्या कुटुंबाची मदत भागवायची असते. लग्नासाठी दरवेळी बाहेरचे सभागृह भाड्याने घ्यावे लागते. वास्तू सुंदर आहे, हे आम्हालाही दिसते. पण ‘वाचवा’ म्हणणाऱ्यांपैकी किती जण रविवारी सकाळी आमच्या शेजारी बसतात, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आम्हाला असावा.

वैनगंगा

सेवकभाऊंचा प्रश्न रास्त आहे. मी संवर्धनाच्या क्षेत्रात वास्तुविशारद म्हणून काम करते, आणि मंडळीला वगळून वाचवलेले चर्च पाच वर्षांत पुन्हा गळू लागलेले मी पाहिले आहे. रोज दार उघडणारा, पन्हळीत अडकलेला पाचोळा काढणारा माणूस नसेल तर कोणतीही दुरुस्ती टिकत नाही. मुंबईचे सेंट थॉमस कॅथेड्रल १७१८ पासून उपासनेसाठी उघडे आहे, आणि त्याच्या जीर्णोद्धाराला २००४ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. भायखळ्याच्या अवर लेडी ऑफ ग्लोरी चर्चला तो २०१९ मध्ये मिळाला. दोन्ही ठिकाणी आजही लोक गुडघे टेकतात.

सुरक्षेची काळजी मात्र पुढच्या पावसाआधीच घ्यायला हवी, त्यासाठी ठरावाची वाट पाहू नये. ज्या दोन कैच्यांची टोके कुजली आहेत, त्यांच्याखाली जमिनीपासून टेकू द्यावेत आणि तेवढा भाग दोरी बांधून बंद करावा. शेजारी शाळेची खोली मिळत असेल तर चार महिने उपासना तेथे घ्यावी. कैचीचे टोक कुजले म्हणजे कैची गेली, असे मुळीच नसते. भिंतीत शिरलेला हात-दीड हात भाग तेवढा ओलीने आणि वाळवीने खाल्लेला असतो, कारण तेथे हवा लागत नाही. जाड पेचकस लाकडात दाबत जावे. जेथे तो घुसायचा थांबतो, तेथून पुढचे सागवान बहुधा खणखणीत असते. कुजका भाग कापून तेथे मुरलेल्या सागाचा तुकडा लांब तिरप्या सांध्याने जोडता येतो, दोन्ही बाजूंना पोलादी पट्ट्या आणि बोल्ट लावता येतात, आणि नवे टोक भिंतीत बसवताना भोवती बोटभर मोकळी जागा ठेवता येते. हे काम चांगला सुतार करू शकतो. पूर्ण छप्पर उतरवण्याच्या खर्चाशी त्याची तुलनाच होऊ शकत नाही.

एक विनंती आहे. सिमेंट काढल्यावर आतली लाल वीट फार देखणी दिसेल, आणि कोणीतरी ती तशीच उघडी ठेवू या म्हणेल. हा मोह टाळावा. गोव्याच्या बॉम जेझू बॅसिलिकाचा चुन्याचा गिलावा १९५० च्या दशकात काढला गेला. तेव्हापासून तिचा जांभा दगड पावसाळ्यामागून पावसाळे उघड्यावर झिजतो आहे, आणि लोकांना मात्र ते लाल रूपच अस्सल वाटू लागले आहे. गिलावा हा भिंतीचा अंगरखा असतो. तो झिजावा आणि भिंत राहावी, यासाठीच तो दिलेला असतो.

चुनाभट्टी

धागाकर्त्यांच्या मूळ प्रश्नाचे उत्तर देतो. माझे आजोबा आणि वडील दोघेही गवंडी होते, मी स्वतः आता बांधकामाचे साहित्य विकतो, म्हणजे सिमेंट विकूनच पोट भरतो, तेव्हा माझे बोलणे सिमेंटच्या द्वेषातून आलेले नाही.

आपण जो पांढरा थर पाहिला, त्याला आमच्याकडे ‘लोणा लागला’ म्हणतात. जमिनीतली ओल विटेतून वर चढताना विरघळलेले क्षार बरोबर आणते. भिंतीवर चुन्याचा गिलावा असेल तर ओल त्यातून बाहेर पडते, क्षार गिलाव्याच्या पृष्ठभागावर फुटतात आणि दर काही वर्षांनी तेवढा गिलावा बदलला की काम भागते. सिमेंट लावले की ओलीची वाट अडते. पाणी सिमेंटच्या मागे थांबते, विटेच्याच छिद्रांमध्ये सुकते, आणि तेथे क्षारांचे खडे वाढून विटेला आतून फोडतात. म्हणूनच आपल्या भिंतीची वीट सिमेंटच्या मागे भुकटी झाली आणि जेथे सिमेंट पोहोचले नाही, तेथे शाबूत राहिली. भट्टीत काही दोष नव्हता.

आता उपाय. सिमेंट काढताना यंत्राचा हातोडा भिंतीला लावू देऊ नका. छिन्नी आडवी धरून, सुटलेल्या भागापासून सुरुवात करून, हाताने काढावे. जेथे सिमेंट विटेला घट्ट धरून आहे आणि काढताना वीटच निघते, तेथे ते राहू द्यावे. हट्ट करू नये. उघडी झालेली भिंत निदान एक हिवाळाभर वाळू द्यावी, वर येणारा लोणा कोरड्या ब्रशने झाडावा. पाण्याने धुऊ नये, कारण क्षार पुन्हा आत जातात. हा धीर कोणालाच नसतो, आणि गिलावा फसण्याचे निम्मे कारण हेच असते.

चुना म्हणजे बाजारात पिशवीत मिळणारी रंगाची पांढरी पावडर नव्हे. कळीचा चुना आणून हौदात पाण्यात विरवावा, तो खदखदतो तेव्हा लांब राहावे, डोळे सांभाळावेत. विरलेला चुना गाळून निदान महिनाभर पाण्याखाली ठेवावा. जितका मुरेल तितका तो लोण्यासारखा होतो. मग वाळू आणि सुरखी, म्हणजे चांगल्या भाजलेल्या विटेची भुकटी, घालून घाणीत, म्हणजे चुना मळण्याच्या चक्कीत, मळावा. आजोबांच्या वेळी बैलाची घाणी होती, गोल दगडी चरातून चाक फिरत असे. आता विजेवर चालणारी मिळते. गुळाचे पाणी, हिरडा, बेलफळाचा गर हे घालण्याची पद्धत होती. त्याचे प्रमाण प्रत्येक गवंडी आपापले सांगतो आणि दुसऱ्याचे चूक ठरवतो, म्हणून त्यावर येथे भांडण नको. आधी आपल्याच भिंतीतील जुना चुना थोडा काढून प्रयोगशाळेत द्यावा. सौम्य आम्लात चुना विरघळतो आणि वाळू खाली उरते, त्यावरून मूळ प्रमाण कळते. सुरखीही खाली उरते, ती रंगावरून ओळखू येते.

काम ऑक्टोबर ते फेब्रुवारी याच काळात करावे. चुना हवेतला कर्बवायू घेऊन हळूहळू दगड होतो आणि त्याला तोवर ओलावा लागतो. नागपूरच्या मे महिन्यात तो दगड होण्याआधीच सुकून जातो आणि हाताला लागताच पिठासारखा झडतो. थर पातळ द्यावेत, ओली गोणपाटे टांगावीत, आणि गवंड्याला रोजंदारीवर ठेवावे. चौरस फुटाच्या ठेक्यावर घेतले की तो घाई करणारच. त्यात त्याचा दोष नाही.

कलम छत्तीस

माझी वकिली विश्वस्त संस्थांच्या कामांशी निगडित आहे, म्हणून कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो. जागा कोणाच्या नावावर आहे, हे प्रथम मालमत्ता पत्रकावर पाहावे. पुष्कळ चर्चच्या जागा स्थानिक मंडळीच्या नावावर नसून धर्मप्रांताच्या किंवा मध्यवर्ती विश्वस्त संस्थेच्या नावावर असतात, आणि अशा वेळी स्थानिक समितीच्या ठरावाला केवळ शिफारशीचे मोल असते. विश्वस्त संस्था नोंदणीकृत असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ प्रमाणे स्थावर मालमत्तेची विक्री, अदलाबदल किंवा बक्षीस, तसेच बिगरशेती जागेचा तीन वर्षांहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा, धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय करता येत नाही. सभागृहासाठी एखाद्या विकासकाला जागेचा काही भाग देण्याचा विचार असेल तर हे कलम लगेच आड येईल.

इमारत शहराच्या वारसा यादीत आहे का, हेही पाहावे. असल्यास वारसा संवर्धन समितीच्या सल्ल्याने महापालिका आयुक्तांची परवानगी घेतल्याशिवाय ती पाडता येत नाही, आणि बाह्य रूपातही बदल करता येत नाही. यादीत असण्याचा एक लाभही असतो: राज्याच्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत वारसा इमारतीच्या न वापरलेल्या बांधकाम क्षमतेचे हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे दुसरीकडे बांधकामासाठी विकता येणारे हक्क, मिळण्याची तरतूद आहे.

महापालिकेची नोटीस आली तर घाबरू नये, ती पूर्ण वाचावी. महापालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली धोकादायक इमारत पाडण्यास सांगता येते, तसेच ती सुरक्षित करण्यास किंवा दुरुस्त करण्यासही सांगता येते. लोक पहिला शब्द वाचून वर्तमानपत्राकडे धावतात.

निधीविषयी एक सूचना करतो. परदेशी गेलेले जुने सभासद पैसे पाठवू म्हणतील. त्यांच्यापैकी ज्यांचे नागरिकत्व अजून भारतीय आहे, त्यांनी आपल्या बचतीतून दिलेली देणगी परकीय योगदान ठरत नाही. ज्यांनी दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले आहे, त्यांची मात्र ठरते आणि त्यासाठी २०१० च्या परकीय योगदान नियमन कायद्याखाली नोंदणी लागते. माणूस मूळचा येथलाच असला तरी कायदा पासपोर्ट पाहतो. कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्व निधीतून ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तूंच्या जीर्णोद्धाराला पैसे देता येतात, कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत ते स्पष्ट लिहिले आहे. पण त्यासाठी वास्तूचा इतिहास कागदावर असावा लागतो.

भटका कामठीकर

इतिहासाचा विषय निघालाच आहे म्हणून. नागपुरात चर्चच्या इतिहासाची वाण नाही. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये येथे आले. त्यांनी शिक्षणाचा पाया घातला आणि १८८३ मध्ये सुरू झालेल्या महाविद्यालयाला पुढे त्यांचे नाव मिळाले, हे बहुतेकांना माहीत असते. पण हा माणूस भूशास्त्रज्ञही होता. आमच्या कामठीजवळच्या सिल्लेवाड्याच्या वालुकाश्मातून त्याने वनस्पतींचे जीवाश्म गोळा केले, आणि १८६३ मध्ये टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना तो पुरात बुडाला. उत्तर भारतातील सहा ख्रिस्ती मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, ती २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच. ज्या शहरात हे सगळे घडले, तेथे एका लहान चर्चच्या इतिहासाचे कागद मिळणार नाहीत, असे होऊ नये.

आपल्या चर्चच्या खिडक्यांचे उंबरे पिवळसर, रवाळ दगडाचे आहेत का? असतील तर तो कामठीकडचा वालुकाश्म असू शकतो. तो काळ्या दगडापेक्षा कितीतरी मऊ असतो, त्याला तारेचा ब्रश लावू देऊ नका.

जुनी घंटा

उंबरे पिवळसरच आहेत. एकावर कोणीतरी मुलाने ‘प’ कोरलेला आहे, तो मी शाळेत असल्यापासून पाहतो आहे.

सेवक, तुझ्या प्रश्नाचे उत्तर येथेच देतो. रविवारी शेजारी बसणारे कमी झाले आहेत, हे खरे आहे, आणि त्यात माझी दोन्ही मुलेही मोजावी लागतील. तरी ठराव एक वर्षाने पुढे ढकलावा, एवढेच मागणे मी मंडळीपुढे ठेवणार आहे. या वर्षात पेव्हर ब्लॉकची भिंतीलगतची दोन फुटांची पट्टी उखडून तेथे खडी भरावी, पन्हळी बदलाव्यात, टेकू लावावेत आणि तड्यांवर काचा लावाव्यात. सभागृहाची गरज खरी आहे. ते मागच्या मोकळ्या जागेत, चर्चच्या छपरापेक्षा बुटके, बांधता येईल का, याचा नकाशा तू काढून घे. माझा त्याला विरोध नाही.

काटकोन

खडीच्या पट्टीखाली सच्छिद्र नळी टाकून तिला अंगणाबाहेर उतार द्या. नागपुरात वर्षाला साधारण ११०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. नुसती खडी भरली तर तिचे तळेच होईल.

जुनी घंटा, जुलैचा पहिला आठवडा

ठराव पुढे ढकलला गेला, आठ मतांनी. त्यानंतरच्या शनिवारी आम्ही सहा जण शिडी लावून चढलो. मुख्य छप्पर आणि व्हरांड्याचे छप्पर मिळतात, त्या खाचेतील पन्हळीतून दोन पोती कबुतरांची विष्ठा आणि पाचोळा, एक क्रिकेटचा चेंडू आणि गेल्या नाताळातील चांदणीचा सांगाडा निघाला. वेदीच्या डावीकडे गळणारे पाणी तेथूनच येत होते. सेवक स्वतः वर होता आणि चेंडू त्याच्याच मुलाचा निघाला. या पावसाळ्यात अजून बादली ठेवावी लागलेली नाही. छताच्या बाबतीत एवढेच झाले. कैच्या अजून टेकूवर आहेत.

मनोऱ्याच्या कोपऱ्यात पिंपळ उगवला आहे. तो उपटावा का?

वैनगंगा

उपटू नये. मूळ ओढले की त्याच्याबरोबर दर्जेतला, म्हणजे विटांमधल्या सांध्यातला, चुना आणि दोन-चार विटाही सुटतात. खोड भिंतीच्या सपाटीला कापावे, ताज्या कापावर लगेच तणनाशक ब्रशने लावावे, शिंपडू नये. मूळ पूर्ण सुकल्यावर, म्हणजे पावसाळ्यानंतर, दर्जा चुन्याने भराव्यात. दरम्यान वास्तूची मोजमापे आणि छायाचित्रे घेऊन ठेवावीत. व्हीएनआयटी या नागपुरातील अभियांत्रिकी संस्थेच्या वास्तुशास्त्र विभागाला किंवा वारसा जतनाचे काम करणाऱ्या इन्टॅक संस्थेच्या नागपूर शाखेला पत्र लिहून पाहावे. विद्यार्थ्यांना असे प्रकल्प हवेच असतात. रंगीत खिडकीच्या प्रत्येक काचेचे जवळून छायाचित्र घ्यावे, आणि शिशाच्या पट्ट्या कोठे वाकल्या आहेत ते नकाशावर दाखवावे. पट्टी वाकली की काच आपोआप सुटू लागते, आणि सुटलेला तुकडा कोणीतरी आठवण म्हणून घरी नेतो.

मंडळीचा सेवक

आठवण म्हणून नेलेला निळ्या काचेचा एक तुकडा आमच्या घरी तीस वर्षांपासून शोकेसमध्ये आहे. आई परत द्यायला तयार झाली आहे.

जुनी घंटा, नोव्हेंबरचा तिसरा आठवडा

सात काचपट्ट्या लावल्या होत्या. एकच शाबूत आहे, सहा तडकल्या. त्यांतील पाच ठिकाणी तड्याची रुंदी पावसाळ्यात कमी झाली आणि आता पुन्हा किंचित वाढू लागली आहे, म्हणजे काटकोन यांनी सांगितले तसेच चालले आहे. शाबूत काचेखालच्या तड्यात काहीच फरक पडला नाही. ईशान्य कोपऱ्यातील सातवी मात्र ऑगस्टच्या अखेरीस तडकली, आणि तेथील तडा पावसाळा सरल्यावरही मिटला नाही. वही पाहिली तर तो दर पंधरवड्याला थोडाथोडा वाढलेलाच आहे. अभियंत्याचा अहवाल त्या कोपऱ्याबाबत बरोबर होता, हे मला मान्य करावे लागते.

उत्तरेच्या भिंतीचे सुटलेले सिमेंट काढून झाले आहे. पहिल्या महिन्यात रोज सकाळी भिंत पांढरी दिसायची आणि आम्ही पाळीपाळीने ब्रश मारायचो. आता आठवड्यातून एकदा पुरते. चुना हौदात मुरतो आहे.

काटकोन

ईशान्य कोपऱ्याशेजारी पाण्याची जुनी टाकी, शौचालयाचा शोषखड्डा किंवा मोठे झाड आहे का? एकाच कोपऱ्याचा पाया सतत खचतो तेव्हा कारण बहुधा त्याच्या दहा-पंधरा फुटांच्या आतच सापडते. नाताळापूर्वी तेथे पायालगत एक खड्डा खणा, रुंदीला माणूस बसेल एवढाच. दोन्ही बाजूंनी एकदम खणू नका, आणि खणण्याआधी कोपऱ्याला टेकू द्या. मी शनिवारी येऊ शकतो.

मंडळीचा सेवक

टाकी आहे. पेव्हर ब्लॉकखाली गेली, म्हणून सगळेच विसरले होते. शनिवारी सकाळी सात वाजता या, खणायला चार मुले मी आणतो.